दुसरी ऑर्डर

साठी उलटलेल्या व्यंकटरावांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला तेव्हा समर्थनगरातली ओळखीची मंडळी आधी हसली आणि कारण कळल्यावर गप्प झाली. क्लासही कसला, तर जावाचा. धंद्याची मोठाली सॉफ्टवेअरं ज्या भाषेत लिहितात ती भाषा शिकायची आणि त्या सॉफ्टवेअरचा सर्व्हरवर चालणारा, गिऱ्हाइकाला कधी न दिसणारा भाग बांधायला शिकायचं. औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाच्या वर हा क्लास भरायचा. जिना असा उभा की वर पोचेपर्यंत व्यंकटरावांना धाप लागे. पहिल्या दिवशी ते दारात उभे राहिले तर वर्गातली सगळी पोरं-पोरी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, हेच सर. व्यंकटराव निमूट मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा एक मुलगी फिसकन हसली. हसेना का बापडी, तिचं काय चुकलं?

मुलगी त्यांनाही होती. स्वराली. एकुलती एक. दिवाळीच्या तोंडावर तिला डेंगी झाला. ताप चढला, उतरला, "आता बरं वाटतंय बाबा" म्हणून तिनं वरण-भात मागून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात तिनं प्राण सोडला. असं कसं झालं, हे कुणाला विचारायचं? फराळाचे डबे भरून ठेवले होते ते उघडायलाही त्या घरात कुणाचे हात धजेनात. व्यंकटरावांच्या बायकोनं, उमाबाईंनी, ते तसेच्या तसे कामवाल्या बाईला देऊन टाकले.

स्वराली शिकून पुण्याला गेली नव्हती. इथंच, छावणीजवळ, गोकुळच्या गोदामात लागली होती. गोकुळ फुलंब्रीचा, शेतकऱ्याचा मुलगा. घरी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांना ऑक्सिजनचे सिलिंडर आणि खाटा भाड्यानं पोचवायचा त्याचा धंदा. फोनवर ऑर्डरी घेता घेता रोज घोळ व्हायचा. एकाचं सिलिंडर दुसऱ्याच्या दारात जायचं. स्वरालीनं त्याला सगळं सॉफ्टवेअर एकटीनं करून दिलं. पेशंटच्या घरच्यांनी मोबाइलवर बटण दाबायचं, ऑर्डर सर्व्हरवर जायची, तिथं स्वरालीनं लिहिलेला कंपोनंट ती घ्यायचा, नोंदवायचा आणि गोदामातल्या पडद्यावर टाकायचा. कंपोनंट म्हणजे फार काही नाही, खिडकीआड बसलेला कारकून समजा. ही समजूतही स्वरालीनंच घातली होती. "बाबा, तो अगदी तुमच्यासारखा आहे," ती म्हणाली होती. "कुणी त्याचं नाव घेत नाही, पण त्याच्यावाचून पान हलत नाही." उभी हयात बँकेत घालवलेल्या व्यंकटरावांना तेव्हा काय आनंद झाला होता!

ती गेल्यावर महिन्याभरानं गोकुळ घरी आला. पंख्याकडं बघत बघत एकदाचं बोलला.

"काका, ताईनं केलेलं झकास चालू हाय. पण उद्या अडलं तर बघणार कोण? आता तयार सॉफ्टवेअर मिळतंय. मी ते घ्यावं म्हणतोय. तुमी वाईट नका वाटून घेऊ."

स्वरालीची स्कूटी विकली होती. कपडे उमाबाईंनी वाटून टाकले होते, तिच्या खोलीत आता पाहुणे आले की झोपत. राहिलं होतं एवढंच, आणि ते चालत होतं. शहरात कुणीतरी बटण दाबायचं आणि पोरीच्या हातचं काहीतरी त्याला ओ द्यायचं. तेही बंद करायचं म्हणजे काय?

"मी बघतो," व्यंकटराव म्हणाले.

"तुमी काका?"

"शिकतो मी. थोडे महिने दे मला."

गोकुळ भला माणूस. नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. आतून उमाबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

तर असा हा क्लास. शिकवणारा देवेश तिशीचा, दिवसा चिकलठाण्याच्या एका कंपनीत नोकरी करून संध्याकाळी शिकवायचा. व्यंकटरावांना तो 'काका' म्हणे आणि बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ देई. तरी डोक्यात शिरताना मारामार. एक कंस राहिला की सगळं ठप्प. शेजारची मुलगी न बोलता त्यांच्या पडद्यावर बोट ठेवून राहिलेला कंस दाखवायची, पहिल्या दिवशी फिसकन हसली होती तीच. व्यंकटराव घरी येऊन स्वरालीच्या लॅपटॉपवर तिनं लिहिलेलं उघडून बसत. आधी ते सगळं त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखं दिसे. पुढं पुढं एकेक ओळ उमगायला लागली आणि त्यांना आशा वाटायला लागली. कशाची? तर पोरीच्या हातचं आहे, कुठंतरी ती भेटेल. वेडी आशा, पण बाप होते ते.

ती भेटली नाही. जसजसं कळत गेलं तसतसं लक्षात आलं की यातलं अर्धं क्लासात शिकवतात त्या नमुन्यातलं आहे, बरंचसं इंटरनेटवरून घेतलेलं आहे, आणि राहिलेलं कुणीही लिहिलं असतं तसंच आहे. कामाचं, कोरडं. "एवढे महिने झाले, काय वाचता हो?" उमाबाईंनी एकदा विचारलं. "काही नाही," व्यंकटराव म्हणाले आणि ते खरंच होतं.

दिवस गेले, वर्षश्राद्ध झालं, थंडी पडली. थंडीत दम्याचे, फुप्फुसांचे पेशंट वाढतात. गोकुळच्या ऑर्डरी दुपटीनं वाढल्या. आणि एक नवंच लचांड उभं राहिलं. एका घरून एक सिलिंडर मागितलं तरी गोदामात दोन ऑर्डरी दिसायला लागल्या. सगळ्यांच्या नाही, मधूनच कुणाच्यातरी.

"काका, बघा की जरा," गोकुळचा फोन आला. "गाडी उगा दोन-दोन सिलिंडर घेऊन हिंडतीय. लोक म्हणत्यात, एकच सांगितलं व्हतं."

"बघतो."

त्याच आठवड्यात देवेशनं वर्गात नेमका तोच धडा घेतला. योगायोग म्हणा नाहीतर काही म्हणा. "सर्व्हरवरच्या कंपोनंटनं कुणाला लक्षात ठेवायचं नसतं," तो फळ्याशी उभा राहून सांगत होता. "काम घ्यायचं, करायचं, विसरून जायचं. आठवण ठेवायची ती डेटाबेसनं, म्हणजे नोंदवहीनं. नवा माणूस हमखास काय चूक करतो, की शेवटची ऑर्डर कंपोनंटच्याच डोक्यात ठेवतो. नेटवर्क मंद असलं की मोबाइल तीच ऑर्डर परत पाठवतो. ती आधीचीच आहे हे ओळखायला याच्याकडं तेवढी एकच आठवण. गिऱ्हाईक कमी असलं की निभतं. गर्दी झाली की मधेच दुसऱ्याची ऑर्डर येते, पहिल्याची आठवण पुसली जाते, आणि पहिल्याची ऑर्डर परत आली की तो तिला नवी समजून दोनदा नोंदवतो. कॉलेजच्या पोरांचं काम बघा, दहातल्या आठ जणांनी हेच केलेलं असतं." वर्ग हसला.

व्यंकटराव हसले नाहीत. स्वरालीच्या कंपोनंटमध्ये नेमकं हेच होतं. त्या ओळी त्यांना पाठ होत्या, रोज वाचत होते ते. वर्षभर जिला शोधत होते ती अशी सापडली, चूक करताना. आणि ती चूकही कशी अगदी तिचीच! लहानपणी बाजारात पाठवलं तर चिठ्ठी न्यायची नाही, "आहे माझ्या लक्षात" म्हणायची आणि दोन वस्तू विसरून यायची.

क्लास सुटल्यावर त्यांनी देवेशला आडून आडून विचारलं, असं झालं असेल तर काय करायचं म्हणून. देवेशला सगळं ठाऊकच होतं, तो काय दुधखुळा होता? "काका, तुमच्या वेळी बँकेत पितळी टोकन द्यायचे ना? एक टोकन, एक गिऱ्हाईक. तसंच. प्रत्येक ऑर्डरला मोबाइलनंच टोकन द्यायचं आणि ते डेटाबेसला विचारून मगच ऑर्डर घ्यायची. पण मग तो कंपोनंट मुळापासून नवा लिहावा लागेल. जुन्यातलं ठेवण्यासारखं काही राहणार नाही. मी बसतो तुमच्याबरोबर. एका रविवारचं काम आहे."

"बघतो," व्यंकटराव पुन्हा म्हणाले. हा 'बघतो' फार वाईट शब्द आहे बरं का. माणूस त्याच्याआड महिनोन् महिने लपू शकतो.

त्यांनी काय केलं ते ऐका. बँकेतला माणूस, हिशेब जुळला नाही तर हातानं जुळवायची सवय. रोज सकाळी गोदाम उघडायच्या आधी ते लॅपटॉप घेऊन बसायला लागले. थेट डेटाबेसमध्ये शिरायचं, जोडीनं आलेल्या ऑर्डरी शोधायच्या, त्यातली दुसरी पुसून टाकायची. गोदामात माणसं यायच्या आत सगळं स्वच्छ. ऑर्डर अशी मागल्या दारानं पुसली की गिऱ्हाइकाला निरोपबिरोप काही जात नसे. त्याच्या मोबाइलवर 'ऑर्डर मिळाली' तसंच राहायचं. सुरुवातीला व्यंकटराव स्वतः गिऱ्हाइकाला फोन करून विचारत, एक हवंय की दोन. मग मनात आलं, हे फोन गोकुळच्या कानावर जातील. फोन बंद केले.

"काका, लई भारी!" गोकुळ एकदा म्हणाला. "येका दमात दुरुस्त केलं की तुमी. ताईचं काम पक्कंच व्हतं म्हणा."

"पक्कंच होतं," व्यंकटराव म्हणाले. खोटं बोलताना माणसाला इतकं बरं वाटू नये, पण त्यांना वाटलं.

आणि मग तो शनिवार उजाडला. नळाला आठवड्यानं पाणी आलं होतं. उमाबाई पिंपं भरत होत्या, "अहो, मोटार बंद करा, वरची टाकी वाहतेय" म्हणून ओरडत होत्या आणि व्यंकटराव एक पाय आत, एक बाहेर, अशा घाईत लॅपटॉपसमोर होते. पडेगावहून एका मोबाइलवरून दोन ऑर्डरी आल्या होत्या. पेशंट बद्रीनाथ, एकेक सिलिंडर. नेहमीच्या जोड्या क्षणाच्या अंतरानं यायच्या. या दोहोंत चांगली काही मिनिटं होती. व्यंकटरावांना ते दिसलं. दिसलं, हे इथं स्पष्टच सांगायला हवं. बोट क्षणभर थांबलं. पण टाकी वाहत होती, उमाबाई ओरडत होत्या, आणि जोडी दिसली की दुसरी पुसायची, हे हाताला वळण पडलेलं. त्यांनी दुसरी ऑर्डर पुसली आणि मोटार बंद करायला धावले.

रविवारी गोदामाला सुट्टी. सोमवारी गोकुळचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

"काका, पडेगावच्या बद्रीनाथ मामांचं सिलिंडर काल दुपारी संपलं. मी फुलंब्रीला लग्नात. फोन लागस्तवर येळ गेला, मी तसाच गाडी काढून सिलिंडर घेऊन गेलो, तवर त्यांला घाटीच्या दवाखान्यात नेलं व्हतं. हालत नाजूक हाय." मग म्हणाला, "घरचे म्हणत्यात दोन सांगितले व्हते. मी बघितलं, आपल्याकडं येकच हाय."

काहीतरी बोलायला हवं होतं. व्यंकटरावांनी "अरे अरे" म्हटलं आणि फोन ठेवला.

बद्रीनाथ बुधवारी गेले. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं तशीही संपलेलीच होती, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न होता. असेल. पण महिना-दोन महिने कुणाच्या बापाचे होते? ते त्यांचे होते.

गोकुळ भेटायला निघाला तेव्हा व्यंकटरावही गाडीत बसले. का बसले, त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं. बद्रीनाथ दौलताबादच्या रस्त्याला रसवंती चालवायचे. पडेगावात आत, एका बोळाच्या टोकाला घर. ओसरीवर सतरंजी, चार-सहा बाप्ये, आत बाया. बद्रीनाथांच्या पत्नी साळूबाई आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. गोकुळला बघताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"भाऊ, डॉक्टर म्हणला व्हता हवा वाढवा, येकानं भागायचं नाय. म्हणून म्या येकदा दाबलं, मग थोड्या येळानं अजून येकदा दाबलं. मला वाटलं, झाले दोन. पण तुमी म्हणता येकच आलं." त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर धरला, त्याच्याकडं बघत राहिल्या. "म्हंजी माझंच दाबायचं चुकलं. ह्या मेल्यानं घात केला बघा माझा."

"आत्याबाई, मी म्हणलं होतं ना, मी आल्यावर दाबते म्हणून," सून तनुजा हुंदका देत म्हणाली. तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, नुसतं दुःख होतं, पण ते साळूबाईंच्या वर्मी लागलं. मुलगा शिवराज ओसरीवर पाठ फिरवून बसला होता. आईशी तो तीन दिवस एक अक्षर बोलला नव्हता, हे शेजारच्या माणसानं गोकुळच्या कानात सांगितलं. तिनंही अन्न सोडलं होतं.

ज्या बाईनं दोन्ही वेळा बरोबर बटण दाबलं होतं ती व्यंकटरावांसमोर स्वतःच्या अंगठ्याला शिव्या देत होती, आणि ते काही बोलले नाहीत. चहा आला, तो त्यांनी घेतला सुद्धा.

घरी येऊन त्यांनी उमाबाईंना सगळं सांगितलं. उमाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्या, परत गेल्या. मग दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जा आणि सांगा त्या बाईंना. माझ्या हातून चुकून पुसली गेली म्हणावं."

"पण का पुसत होतो ते विचारतील."

"म्हातारा माणूस, हात चुकला, एवढं सांगा! तिला मधे ओढू नका." उमाबाई म्हणाल्या. "आपल्या पोरीमुळं कुणी गेलं असं चार लोकांत बोललं गेलं तर मी जगायचं कसं हो? तिच्या नावाशिवाय काय राहिलंय आपल्याजवळ?"

व्यंकटरावांच्याही मनात तेच होतं, आणि त्याचीच तर लाज वाटत होती.

त्यांनी आधी गोकुळला गाठून सगळं सांगून टाकलं. गोकुळनं डोकं धरलं. चिडला असता तर बरं झालं असतं. "काका, मला येकदा बोलला असता तर..." तो म्हणाला. पडेगावला मीच जाऊन सांगतो, असंही म्हणाला. व्यंकटरावांनी त्याला अडवलं. आलेल्या रविवारी देवेश आला. त्यानं सांगितलं आणि व्यंकटरावांनी लिहिलं, कारण स्वतः लिहायचा हट्ट त्यांचाच होता. दुपारपर्यंत नवा कंपोनंट उभा राहिला. टोकन घेणारा, डेटाबेसला विचारणारा, कुणालाही लक्षात न ठेवणारा. जुना बंद करायची वेळ आली तेव्हा देवेश म्हणाला, "काका, मी करू का?" व्यंकटरावांनी नको म्हणून मान हलवली आणि स्वतःच्या हातानं तो बंद केला. काहीच झालं नाही. पाठोपाठ कुठूनशी एक ऑर्डर आली, नव्या कंपोनंटनं घेतली, पडद्यावर उमटली. मग व्यंकटराव रडले. देवेश खिडकीतून बाहेर बघत बसला.

बद्रीनाथांच्या तेराव्याला ते एकटेच रिक्षा करून पडेगावला गेले. जाताना उमाबाई दारापर्यंत आल्या, "मी सांगितलंय ते ध्यानात आहे ना?" एवढं बोलल्या. घरापुढं मांडव होता. जेवणं उरकत आली होती, सगळी भावकी जमली होती. साळूबाई त्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या, आधीपेक्षा अर्ध्या झालेल्या. व्यंकटराव त्यांच्यासमोर खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी खाली बसत नसत.

"बाई, तुमचं दाबायचं चुकलं नव्हतं," ते म्हणाले. "दोन्ही ऑर्डरी आल्या होत्या. दुसरी मी पुसली."

साळूबाईंना आधी कळलंच नाही. "काय म्हणलात?"

"दोन्ही आल्या होत्या. मी गोकुळकडचं कॉम्प्युटरचं काम बघतो. दुसरी ऑर्डर माझ्या हातानं पुसली गेली."

"म्हंजी म्या बरोबर दाबलं व्हतं?"

"बरोबर दाबलं होतं. दोन्ही वेळा."

शिवराज ओसरीवरून उठून आला, व्यंकटरावांच्या डोक्यावर उभा राहिला. "पुसली म्हंजी? का पुसली? दोन आल्या व्हत्या तर येक काढायचं तुमाला कारण काय?"

हात चुकला. दोनच शब्द, उमाबाईंनी हातात दिलेले. जिभेच्या टोकावर होते. पण समोर साळूबाई होत्या आणि त्यांचा तो अंगठा मांडीवर पडला होता. हात चुकला, हात चुकला, असं म्हणतच त्या बाईनं तेरा दिवस काढले होते. तेच दोन शब्द तिच्यासमोर कोणत्या तोंडानं बोलणार?

"सॉफ्टवेअरमध्ये खोट होती," व्यंकटराव म्हणाले. "एकच ऑर्डर दोनदा यायची. ते दुरुस्त करायला पाहिजे होतं, मी केलं नाही. रोज सकाळी दुसरी पुसून टाकायचो, कुणाला कळू नये म्हणून. त्या दिवशी तुमच्या दोन्ही खऱ्या होत्या."

"आन् कळू नये म्हंजी? कुणाची खोट झाकत व्हता तुमी? कुणी बनवलं ते?"

"माझ्या मुलीनं. स्वराली नाव तिचं."

"बोलवा तिला हितं!" शिवराज ओरडला. त्यानं व्यंकटरावांची कॉलर धरली होती. "आत्ताच्या आत्ता बोलवा!"

"ती नाही," व्यंकटराव म्हणाले. "गेल्या साली वारली. तिचं एवढंच चालू राहिलं होतं, म्हणून मी..."

शिवराजची मूठ सुटली. तो आईकडं वळला, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्याजवळ खाली बसला. "आये," एवढंच म्हणाला. साळूबाईंनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्या व्यंकटरावांकडं बघत होत्या. व्यंकटरावांना वाटलं, आता ही बाई शिव्या देईल किंवा 'जाऊ द्या भाऊ' म्हणेल. त्यांनी दोन्हींची तयारी ठेवली होती.

साळूबाई भिंतीला धरून उठल्या. त्यांनी व्यंकटरावांचं मनगट धरलं, घट्ट, आणि त्यांना उठवून आतल्या खोलीत बायांमध्ये नेलं. "तनुजा, सारजाबाई, सगळ्याजणी ऐका गं," त्या म्हणाल्या. "सांगा भाऊ, बाहेर सांगितलं तसं."

व्यंकटरावांनी सांगितलं. बाईंचं बरोबर होतं, खोट सॉफ्टवेअरमध्ये होती, ते माझ्या मुलीनं लिहिलं होतं, मी झाकलं. तनुजा तोंडात पदर कोंबून रडायला लागली. सारजाबाई म्हणजे साळूबाईंची थोरली जाऊ, तिला कमी ऐकू येत असे. तिनं हातानं काय, काय म्हणून विचारलं.

"हिला ऐकू नाय आलं," साळूबाई म्हणाल्या. "हिनंच सगळ्या पावण्यांत सांगितलं माझं चुकलं म्हणून. पोरीचं नाव घेऊन सांगा, मोठ्यानं सांगा."

व्यंकटरावांनी तोंड उघडलं. "माझी मुलगी स्वराली," ते म्हणाले आणि आवाजच फुटेना. साळूबाईंनी दुसऱ्या हातानं माठातलं पाणी तांब्यात घेऊन त्यांच्या हातात दिलं. ते पिऊन होईपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या. मनगट सोडलं नव्हतं.

"हां," त्या म्हणाल्या. "सांगा आता."